आधी मशीन दाखवा

चौथ्या वेळी मी त्या दुकानाच्या पायऱ्या चढलो, तेव्हा व्हर्नियरकाकूंनी मला माल द्यायला साफ नकार दिला.

दुकान बेअरिंगचं. अरुंद आणि खोल. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर काकूंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेला आकडा. मी दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात मशीनचा इंजिनिअर. दारांना रंग मारायचं एक मशीन आम्ही स्वतःच बांधलं होतं. खाली पट्ट्यावरून दार सरकत येतं आणि वर रंगाची बंदूक एका छोट्या गाडीला लटकून दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझाऱ्या घालते. ती गाडी दोन गुळगुळीत गोल शाफ्टवरून, म्हणजे पोलादी दांड्यांवरून, धावते. गाडीला चार ठोकळे, प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात एक बेअरिंग. या ठोकळ्याला धंद्यात हाउसिंग म्हणतात, म्हणजे बेअरिंगचं घर. आणि आमचं हे घर दर दीड-दोन महिन्यांनी बसत होतं.

पहिल्यांदा मी साधे ठोकळे नेले होते. दुसऱ्यांदा शाफ्टसकट एक माप मोठे. तिसऱ्यांदा दोन्ही तोंडांना रबरी सील असलेले, दुकानातले सगळ्यात भारी. ते तर सहा आठवडेही टिकले नाहीत.

"याच्याहून मोठं माप द्या," तुटका ठोकळा काउंटरवर ठेवत मी म्हणालो.

काकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"नाही देत."

"संपलेत का?"

"खणात आठ पडलेत. पण देत नाही."

मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांतलं एक खुदकन हसलं. माझे कान तापले.

"साहेब," काकू शांतपणे म्हणाल्या, "मागच्या वेळी मी विचारलं होतं, मशीन कसं आहे? तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

आठवत होतं. मी म्हणालो होतो, काकू, डिझाइनचं माझ्यावर सोडा, तुम्ही नंबर बघून द्या.

"तीनदा नंबर बघून दिलं. आता मशीन बघून देईन. नाहीतर दुसरं दुकान आहे कोपऱ्यावर, तिथे मिळेल. तो काही विचारत नाही."

कोपऱ्यावरच्या दुकानात जायला मी पायरी उतरलोही. पण खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की तिथून नवे ठोकळे घेऊन गेलो, तर दोन महिन्यांनी पुन्हा असाच कुठल्यातरी पायरीवर उभा असेन. परत वर चढलो.

"उद्या तुम्हाला न्यायला गाडी पाठवू?"

"सकाळी नऊला. दुकान अकराला गर्दी धरतं."

त्यांना व्हर्नियरकाकू हे नाव कुणी दिलं ते कुणालाच माहीत नाही, पण कारण सगळ्यांना माहीत होतं. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, यांच्या पर्समध्ये जाडी मोजायची सरकती पट्टी, म्हणजे व्हर्नियर. बांगड्या घेतानाही तो बाहेर निघे. नातवाचा पहिला दात किती वर आलाय तेही त्यांनी मोजलं, अशी बाजारात वदंता होती. काकू म्हणत, "साफ खोटं. पोरगं हलत होतं, मोजता आलंच नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गाडीत मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. खरं तर मला त्यांचं शिक्षण काय ते काढून घ्यायचं होतं. पंधरा वर्षं काम केलेल्या इंजिनिअरला दुकानातल्या बाईने शिकवावं, हे रात्रभर घशात अडकलं होतं.

"टायपिंगची परीक्षा पास आहे," त्या म्हणाल्या. "इंग्रजी, मिनिटाला चाळीस शब्द."

एकोणिसाव्या वर्षी त्या दुकानात टायपिस्ट म्हणून लागल्या. काम एकच, मालाच्या याद्या टाइप करायच्या. दोन वर्षांत हजारभर नंबर आणि त्यांची मापं त्यांना तोंडपाठ झाली, पण त्यांतल्या निम्म्या वस्तू त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या नव्हत्या. थोरले मालक एके दिवशी बाहेरगावी गेले होते, तेव्हा कागदी पिशव्या बनवणाऱ्या कारखान्याचा एक म्हातारा फिटर तुटका ठोकळा घेऊन आला. काकूंनी त्यावरचा नंबर वाचला आणि खणातून हुबेहूब तसाच काढून दिला. मान अशी ताठ झाली की विचारू नका. आठ दिवसांनी म्हातारा परत आला. नवा ठोकळाही तुटलेला.

"मी म्हटलं, बाबा, मी अगदी तोच दिला होता. ते म्हणाले, मुली, तोच दिलास हेच तर चुकलं. पहिला कशाने तुटला हे विचारलंस का मला?" काकू खिडकीबाहेर बघत हसल्या. "तुटकी वस्तू आणून तशीच दुसरी मागणारा माणूस पुष्कळदा तुटण्याचं कारणच पुन्हा विकत नेत असतो. हे मला बाबांनी शिकवलं. आणि वर म्हणाले, रविवारी ये, मशीन दाखवतो."

त्या गेल्या. एक नाही, पुढचं वर्षभर प्रत्येक रविवारी. पिशव्यांचा कारखाना, मग बाबांच्या ओळखीने छापखाना, काच कापणारा, लाकूड रंधणारा. घरी आई म्हणायची, ही पोरगी लोखंडाशी लग्न करणार. लग्न मात्र त्यांनी भूगोलाच्या मास्तरांशी केलं. थोरले मालक गेले, धाकटे आले, आणि तोवर दुकानात गिऱ्हाईक मालकाला नमस्कार करून सरळ काकूंकडे वळायला लागलं होतं.

"बाबांचे चार प्रश्न आहेत," त्या म्हणाल्या. "वजन किती आणि कुठल्या बाजूने येतं? शाफ्ट किती लांब आणि तो कशावर टेकलाय? आजूबाजूच्या हवेत काय उडतं? आणि दोन्ही शाफ्ट खरंच समांतर आहेत, की तुम्हाला तसं वाटतं?"

"समांतर आहेत," मी लगेच म्हणालो.

"बघू ना."

कारखान्यात मशीन बंद करून ठेवलं होतं. आमच्या मालकीणबाई स्वतः हजर होत्या. त्यांचा पारा चढलेला होता, कारण बारा दिवस दारं हाताने रंगवावी लागत होती. काकूंनी त्यांना नमस्कार केला, पदर खोचला आणि शिडी मागितली.

वर चढल्यावर त्यांनी शाफ्टवरून हात फिरवला. मग तुटका ठोकळा मागून घेतला, शाफ्टवर चढवला आणि म्हणाल्या, "अगंबाई! हे तर उलटं टांगलंय."

"हो," मी खालून म्हणालो. "शाफ्ट वरच्या आडव्या लोखंडी बीमच्या खालच्या अंगाला बसवलेत. गाडी लटकते. जागा वाचते."

"साहेब, वर या. आणि नख फिरवा इथे."

मी दुसरी शिडी लावून चढलो. शाफ्ट लांब असला की तो मधे वाकू नये म्हणून पूर्ण लांबीभर आधारपट्टीवर बसवतात. मग ठोकळ्याला त्या पट्टीपुरती एक फट ठेवावी लागते, नाहीतर तो पुढे सरकणारच कसा? असा फटीचा, उघडा ठोकळा मी निवडला होता, आणि तो बरोबरच होता. पण काकूंनी दाखवलेल्या जागी नख फिरवलं तेव्हा आधारपट्टीच्या दोन्ही बाजूंना, शाफ्टच्या वरच्या अंगावर, लांबच लांब दोन चरे लागले.

"हे चरे फटीच्या दोन ओठांचे आहेत," काकू म्हणाल्या. "ठोकळ्याची पाठ मजबूत, पोट मजबूत, पण ओठ नाजूक. गाडी लटकवल्यामुळे सगळं वजन ओठांवर आलंय. कॅटलॉगमध्ये लिहिलेली ताकद ठोकळा शाफ्टवर वरून बसतो तेव्हाची. उलटा टांगला की त्यातली निम्मीही उरत नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं."

मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

"आणि हे दुसरं." त्यांनी बेअरिंगमधून एक छर्रा नखाने उचकटला. त्यावर पांढऱ्या रंगाचं वाळलेलं कवच होतं. "हवेत रंगाचे तुषार. छर्रे चिकटतात, फिरायचं सोडून घासत जातात. सील लावून काय होणार? जखम मांडीला आणि मलम शेंडीला."

खालून मालकीणबाईंनी हाक मारली, "मग आता कुठला ठोकळा आणायचा ते सांगा, म्हणजे माणूस पाठवते."

"ठोकळा नंतर," काकू शिडीवरूनच म्हणाल्या. "आधी गाडी रुळाला टांगायची नाही, रुळावर बसवायची. एका बीमच्या जागी दोन बीम घ्या, मधे हातभर फट ठेवा. शाफ्ट बीमच्या वर, गाडी शाफ्टच्या वर, आणि बंदुकीचा दांडा फटीतून खाली. मग ओठांवर काही येणार नाही, आणि रंगही खालच्या खाली राहील."

"म्हणजे अर्धं मशीन पुन्हा बांधायचं?" मालकीणबाईंचा आवाज चढला. "चार ठोकळे घ्यायला तुम्हाला बोलावलं, तुम्ही माझं छप्पर उतरवायला निघालात!"

मला वाटलं, आता काकू नमतं घेतील. गिऱ्हाईक आहे, शेवटी. त्या शिडीवरून खाली आल्या, पदर सोडला, हात पुसले आणि म्हणाल्या, "बाई, मी दुकानात बसते. ठोकळे विकणं माझं काम. दर दोन महिन्यांनी तुम्ही चार न्याल तर माझं चांगलंच आहे. पण दर दोन महिन्यांनी तुमची दारं बारा दिवस अडतील. तुम्ही ठरवा."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अजून एक सबब सुचली होती. पण तोंडातून निघालं ते असं: "काकू बरोबर सांगतायत. चूक माझी आहे."

बोलून टाकल्यावर हलकं वाटलं. काकूंनी मान हलवली आणि त्या क्षणापासून मला अहो-जाहो करणं बंद केलं. "चल, आता कागद आण," म्हणाल्या. "मापं घेऊ."

मापं घेताना चौथ्या प्रश्नाचं उत्तरही निघालं. दोन शाफ्टमधलं अंतर काकूंनी एका टोकाला मोजलं, मग दुसऱ्या टोकाला. जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक.  काकूंनी फक्त तो आकडा जरा मोठ्या अक्षरात लिहिला.

ठोकळे कुठले घ्यायचे ते आता अर्ध्या तासात ठरलं. उघडेच, कारण शाफ्ट आधारपट्टीवर. छर्ऱ्यांऐवजी आत साधी घसरपट्टी असलेलं बेअरिंग, कारण छर्राच नसेल तर रंग चिकटणार कुठे? एका शाफ्टवर घट्ट बसणारे दोन ठोकळे आणि दुसऱ्यावर आडव्या दिशेने थोडी मोकळीक असलेले दोन.

"चारही घट्ट का नाहीत?" मी विचारलं.

"शाफ्ट कितीही नीट बसवले तरी केसाएवढा फरक राहतोच. दोघांनीही हट्ट धरला तर गाडी मधेच अडते. एकाने रस्ता दाखवायचा, दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं." मग हसून म्हणाल्या, "आमच्या घरी मास्तर सांभाळून घेतात."

तीन आठवड्यांत बीम उभे राहिले. या वेळी शाफ्टमधलं अंतर मी स्वतः डोळ्यांत तेल घालून पाच ठिकाणी मोजलं. ठोकळे बसले, गाडी चढली. हाताने ढकलली तर लोण्यासारखी जात होती. काकूंना मुद्दाम बोलावलं. मालकीणबाई आल्या, रंगकाम करणारे सगळे गोळा झाले, आणि मी बटण दाबलं.

गाडी हातभर गेली, थरथरली, कुरकुरली आणि थांबली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. धक्के खात, अडखळत.

कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट वाटलं. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "आगीतून फुफाट्यात."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला असेल असं मला वाटलं होतं. पण त्या विचारात होत्या, घाबरलेल्या नव्हत्या. त्या वर चढल्या. "गाडी ओढणारा मोटारीचा पट्टा सोडव," म्हणाल्या. मी सोडवला. त्यांनी गाडी मधोमध धरून ढकलली. सुरळीत गेली. मग एका कडेला, जिथे पट्टा जोडलेला होता तिथे बोट लावून ढकलली. अडकली. पुन्हा मधे, गेली. पुन्हा कडेला, अडकली. असं त्यांनी सहा-सात वेळा केलं आणि शेवटी कपाळावर हात मारला.

"चूक माझी आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की कसा तिरका होऊन अडकतो? तसं झालंय. पट्टा ओढतोय या कडेने, आणि घट्ट ठोकळे बसवलेत पलीकडच्या शाफ्टवर. छर्ऱ्याचं बेअरिंग एवढं तिरकं ओढणं चालवून घेतं. घसरपट्टीचं घेत नाही. ती मी सुचवली, पण ओढतो कोण आणि कुठून, ते विचारलंच नाही."

"मग आता?" मी विचारलं. "पट्टा हलवायचा? मोटार हलवायची?"

"मोटार कशाला? ठोकळ्यांची अदलाबदल कर. घट्ट दोन पट्ट्याच्या बाजूला आण, मोकळे दोन पलीकडे. जो ओढला जातोय त्यानेच रस्ता दाखवायला हवा."

पाना मीच हातात घेतला. खाली माणसं कुजबुजत होती, वर काकू एकेक स्क्रू माझ्या हातात देत होत्या. पाऊण तास लागला. पट्टा पुन्हा जोडला. मी बटण दाबण्याआधी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी हाताची घडी घातली होती.

गाडी निघाली ती थेट पलीकडच्या कडेला जाऊन पोचली. वळली. परत आली. आवाज एवढा कमी की मोटार चालू आहे का बघायला रंगाऱ्यांच्या मुकादमाने तिच्यावर हात ठेवला. मग तो म्हणाला, "दार लावा की खाली. नुसती फिरवून काय करताय?"

दार लावलं. रंग बसला, सपाट, एकसारखा. मुकादमाने दार उजेडात तिरकं धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि लगेच दुसरं दार उचललं. तेवढी शाबासकी पुष्कळ होती.

काकूंचं मात्र समाधान झालं नव्हतं. "गाडीची ठोकळे बसवलेली पाटी आखूड आहे," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "एका शाफ्टवरचे दोन ठोकळे फार जवळ जवळ आहेत. आज चालतंय, पण जरा झीज झाली की पुन्हा तिरकी होईल. पाटी दुप्पट लांब कर आणि ठोकळे टोकांना ने. दोन पाय लांब टाकून उभा राहिलेला माणूस सहज ढकलला जात नाही."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी पाटी बदलली. त्यानंतर त्या मशीनचे ठोकळे चार वर्षं बदलले नाहीत. बदलले तेव्हाही तुटले म्हणून नाही, काकूंनी व्हर्नियर लावून सांगितलं म्हणून.

दुसऱ्या मशीनचं चित्र काढायला मी घेतलं तेव्हा कोरा कागद घेऊनच दुकानात गेलो. काउंटरच्या आत एक स्टूल आहे, तिथे बसलो. माझ्या आधी एक गिऱ्हाईक उभं होतं, तुटका ठोकळा घेऊन. काकूंनी त्याला बाबांचे चार प्रश्न विचारले आणि मग पाचवा, "ओढतो कोण, आणि कुठून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सांगून टाका," मी म्हणालो. "नाहीतर त्या तुमच्या घरी येतील."

पहिलं मशीन सुरळीत चालायला लागल्यावर मालकीणबाईंनी काकूंना विचारलं होतं, तुम्हाला काय देऊ? काकू म्हणाल्या, बाथरूमचं दार द्या, आमचं फुगलंय. माप त्यांनी स्वतः आणून दिलं, चौकटीच्या तिन्ही बाजूंचं. दार दोन दिवसांत तयार झालं. पण रंग कुठला? कारखान्यात बावीस रंगांचे नमुने टांगलेले. काकू दुकान सुटल्यावर यायच्या, एकेक नमुना खिडकीपाशी नेऊन बघायच्या, मान हलवायच्या आणि घरी जायच्या. तीन आठवडे हे चाललं. मुकादम वैतागला. अखेर एका संध्याकाळी भूगोलाचे मास्तर स्वतः आले, उंच, पांढऱ्या केसांचे, हातात कापडी पिशवी. त्यांनी सगळ्या नमुन्यांवरून एकदा नजर फिरवली आणि फिकट निळ्यावर बोट ठेवलं.

"हा," ते म्हणाले. "समुद्र उथळ असतो तिथे नकाशात हाच रंग असतो."

काकूंना तो रंग अजून आवडलेला नाही. दार मात्र एका बोटाने लागतं, हे त्या घरी आलेल्या प्रत्येकाला लावून दाखवतात.